माळ्यावरची सीट

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी माळा रिकामा करायचा दिवस. 2025 च्या दिवाळीत हे काम मुलाकडं होतं, कारण गुडघ्यांमुळं यांना शिडी बंद झाली आहे आणि मला तर ती कधी जमलीच नाही. वरून एकेक वस्तू खाली येत होती. तांब्याचा बंब, तळ गेलेली कढई, सासूबाईंच्या लुगड्यांचं गाठोडं, सुटा करून ठेवलेला सागवानी पाळणा. आणि सगळ्यात शेवटी जुन्या चादरीत बांधलेली, नातीची कार सीट.

"आई, ही तर नव्यासारखी आहे की!" मुलगा शिडीवरूनच म्हणाला. "चला, तेवढे पैसे वाचले."

सून तेव्हा धारवाडला माहेरी होती. सप्टेंबरात तिला दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. डिसेंबरात बाळ-बाळंतीण बेळगावला यायची होती. पाऊणशे किलोमीटरचा प्रवास, तोही सगळा हमरस्त्यानं. त्यात बाळाला कशात बसवायचं, हा प्रश्न माळ्यानंच सोडवला असं मुलाला वाटलं. मी खाली उभी राहून चादरीची गाठ सोडत होते, आणि माझ्या पोटात गोळा आला होता. तो का, ते पुढं सांगते.

आधी हे सांगायला हवं की आमच्या घरात बाळासाठी नवं काही घ्यायची पद्धतच नाही. पाळणा सासऱ्यांनी 1954 साली शहापुरातल्या सुताराकडून करून घेतलेला. त्यात हे झोपले, यांची भावंडं झोपली, माझी दोन्ही मुलं झोपली, नात झोपली. मधे दोनदा कड्या बदलल्या, एकदा एक पाटी बदलली, बाकी पाळणा तोच. कपड्यांचंही तेच. बारा दिवस बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक होता. जुन्या सुती लुगड्याची दुपटी शिवायची, आणि ओळखीतल्या एखाद्या धडधाकट मुलाचं वापरलेलं झबलं मुद्दाम मागून आणायचं. सुनेच्या घरीही असंच. आमची कुंची ती त्यांची कुंचिगी, आमची वाकळ ती त्यांची कौदी, पण दोन्हीकडं कापड आजीच्याच लुगड्याचं. लग्नात मानपानावरून आम्हा विहिणींचं थोडं वाजलं होतं. या बाबतीत कधी वाजलं नाही.

त्यामुळं ऑगस्ट 2019 मध्ये नात झाली आणि सुनेनं बेंगळूरहून साडेआठ हजारांची कार सीट आणली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. मुलगा-सून दोघंही तेव्हा तिकडं नोकरीला होती. ऑफिसातल्या मैत्रिणीकडं बघून तिनं ती घेतली. "टोपलीला पट्टे लावून साडेआठ हजार?" असं मी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं. तेवढ्यात वाळे, करदोटा सगळं चांदीचं झालं असतं. मग 1 सप्टेंबरपासून मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला गाडीत पट्टा किंवा मुलांसाठीची खास सीट लावल्याशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड, असं त्यात आलं. सुनेनं मला पेपरातली बातमी दाखवली. मी म्हटलं, तुझा नवरा लुनाच्या पुढच्या फळीवर उभा राहून शाळेत गेलाय, त्याला काय झालं? ती हसली. पट्टे कसे लावायचे हे मात्र तिनं मला आणि यांना तीनदा करायला लावून शिकवलं.

तर ती सीट आता सोप्यात ठेवून मुलगा तिची तपासणी करत होता. कोरोनात घरून काम करायला म्हणून तो इकडं आला आणि इथंच राहिला. इंजिनियर आहे, त्यामुळं वस्तू उलटी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. सीटच्या तळाला प्लॅस्टिकमध्येच उमटवलेलं घड्याळासारखं एक वर्तुळ होतं. कडेनं बारा महिन्यांचे आकडे, मधे बाण आणि साल. मार्च 2019. बाजूच्या स्टिकरवर लिहिलेलं, बनवल्यापासून आठ वर्षांनंतर वापरू नये. मी विचारलं, प्लॅस्टिकला कसली मुदत? तो म्हणाला, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते रोज तापतं, रोज निवतं, हळूहळू ठिसूळ होतं. गॅसची नळी नाही का आपण पाच वर्षांनी बदलत? ते मला पटलं. मग त्यानं केशरी लेबल दाखवलं. गोलात इंग्रजी ई हे अक्षर आणि 44/04 असा आकडा, म्हणजे ती युरोपच्या जुन्या नियमानं तपासलेली. नवा नियम 129 क्रमांकाचा, तो 2013 मध्ये आला. जुन्या नियमाच्या सीटा युरोपात सप्टेंबर 2024 पासून विकायला बंद केल्या, पण आधी घेतलेली वापरू नये असं काही नाही, असं तो म्हणाला. पट्टे ओढून पाहिले, बकल चारदा लावलं, चारदा काढलं. कव्हर काढून आतला थर्माकोल बोटांनी चाचपला. कुठं तडा नाही, डाग नाही.

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "ही कधी ठोकली-बिकली नाही ना? तेवढं एकच बघून कळत नाही."

हे खुर्चीत पेपर वाचत होते. पेपर जरासुद्धा हलला नाही. मी म्हटलं, "चहा टाकते," आणि आत गेले.

आता ती गोष्ट. जानेवारी 2020. नातीचं बोरन्हाण झालं होतं, आणि त्यानंतर एक दिवस मुलगा-सून हुबळीला मैत्रिणीच्या लग्नाला गेली. सकाळी जाऊन रात्री परत यायची होती. पाच महिन्यांची नात आमच्यापाशी. यांची थोरली बहीण खानापूरला असते. पाय मोडून ती तेव्हा अंथरुणावर होती आणि बाळ बघायचं म्हणून तिनं धोसरा लावला होता. आम्ही बाळाला सुनेनं शिकवल्याप्रमाणं सीटमध्ये बांधलं आणि गेलो. जाताना काही झालं नाही. येताना निघायला उशीर झाला. देसूर मागं टाकलं आणि पिरनवाडी यायच्या आधी अंधार पडायला लागला.

उसाचे दिवस. या भागातल्या माणसाला पुढचं वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, चमकपट्टी नाही, आणि बाहेर आलेले उसाचे शेंडे. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर होता. यांना ट्रॉली दिसली तेव्हा ती अगदी पुढ्यात होती. ब्रेक कचकन दाबला, तरी गाडी जाऊन धडकलीच. बॉनेट दुमडलं, खालून रेडिएटरचं पाणी वाहायला लागलं. मी मागं बाळाशेजारी बसले होते, हात पुढच्या सीटवर आपटून माझ्या दोन बांगड्या पिचल्या. नात मागं तोंड करून सीटमध्ये. एक क्षण अगदी गप्प होती. मग जी रडायला लागली, तो आवाज ऐकून आयुष्यात पहिल्यांदा रडण्यानं मला बरं वाटलं. तिला ओरखडासुद्धा नव्हता. आम्हालाही काही लागलं नाही. एअरबॅग उघडल्या नाहीत. पण गाडी काही केल्या सुरू होईना. उद्यमबागेतून गॅरेजचा माणूस आला आणि दोर लावून गाडी ओढून घेऊन गेला. आम्ही रिक्षा केली.

रिक्षात हे म्हणाले, "बाळ गाडीत होतं, हे पोरांना सांगू नको. परत आपल्या हातात द्यायची नाहीत तिला."

दोष सगळा यांच्यावर ढकलत नाही. मलाही तेच हवं होतं. रात्री आम्ही सांगितलं की हे एकटेच उद्यमबागेत कामाला गेले होते, तिथं गाडी ठोकली. सुनेनं माझ्या हाताकडं बघून विचारलं, "अत्ती, बांगड्या?" मी म्हटलं, धुणं आपटताना पिचल्या. मग मार्चात लॉकडाऊन आला आणि सगळ्यांना काळजीला दुसरे विषय मिळाले. नातीला घेऊन कुठं जायचंच नव्हतं. सीट माळ्यावर गेली. नव्यासारखी राहिली ती त्यामुळं.

त्या रात्री मला झोप आली नाही. हे जागेच होते. म्हणाले, "त्यात काय झालंय एवढं? नात खणखणीत आहे. सीटला एक तडा नाही, तूच बघितलंस." मलाही मन असंच समजावत होतं. पण मला यांचं हेल्मेट आठवलं. स्कूटरवर असताना एकदा घसरून पडले होते, हेल्मेट दगडावर आपटलं. वरून नुसता एक ओरखडा होता. दुकानदार म्हणाला, आतला थर्माकोल एकदा दबला की संपला, तो दुसऱ्यांदा वाचवत नाही. यांनी ते तिथंच टाकून नवं घेतलं होतं. "तुमच्या डोक्याला नवं घेतलंत की," मी म्हटलं. हे कूस बदलून झोपले, किंवा झोपल्यासारखे पडून राहिले.

पाळण्याचं बरं असतं. कडी झिजली की करकरते, पाटी हलते, सुताराला दाखवता येतं. या सीटचं झालेलं काही दिसणार नव्हतं आणि ऐकूही येणार नव्हतं. ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मुलानं तारीख बघितली, लेबल बघितलं, कव्हर काढून बघितलं, आणि जे बघायचं ते आमच्या तोंडात होतं.

सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. हे मधे म्हणाले, "गाडी मी चालवत होतो. सांगू नको असं मीच म्हटलं."

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. कचेरीत अर्ज भरून घेतात तसे एकेक प्रश्न विचारत गेला. अमेरिकेत रस्ते सुरक्षेचं जे सरकारी खातं आहे, त्यानं अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरायची की नाही यासाठी पाच अटी घातल्या आहेत, त्या त्यानं फोनवर काढल्या होत्या. अपघातानंतर गाडी आपली आपण चालवत नेता आली का? सीटच्या जवळचं दार शाबूत होतं का? गाडीतल्या कुणाला इजा झाली नाही ना? एअरबॅग उघडल्या नाहीत ना? सीटवर नुकसानीची खूण दिसत नाही ना? पाचही गोष्टी जमल्या तरच तो किरकोळ अपघात, नाही तर सीट बाद. आणि कित्येक कंपन्या तर किरकोळ अपघातानंतरही नकोच म्हणतात.

"दार ठीक होतं," हे म्हणाले. "कुणाला लागलं नाही. एअरबॅग उघडल्या नाहीत."

"गाडी चालवत आणली का ओढून?"

"ओढून."

"मग संपलं," मुलगा म्हणाला आणि सीट उचलून जिन्याखाली ठेवून आला. नातीच्या शाळेची वेळ झाली होती. तिला सोडायला गेला तो आमच्याशी आणखी एक शब्दही न बोलता.

सुनेला फोन मीच करायचा असं ठरलं. आमची सून मराठी छान बोलते, आता तर आमच्यापेक्षा शुद्ध. पण रागावली किंवा घाबरली की ती मराठी सोडते. मी सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग एवढंच आलं, "आकी अदराग इद्ळेन्री?"

मी म्हटलं, "हौदु."

फोन ठेवला गेला. दोन दिवस तिनं फोन केला नाही. नात रोज संध्याकाळी व्हिडिओवर भावाला बघायची, तेव्हा मी आपली स्वयंपाकघरात. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, मला. तिला सगळं नीट हवं होतं. बाळ कोणत्या बाजूला होतं, किती वेळ रडलं, डोकं चाचपून बघितलंत का, त्या रात्री दूध नीट प्यायली म्हणून मी निर्धास्त झोपले, तेव्हा तुम्ही जाग्या होता का. मी आठवेल ते सांगत गेले. शेवटी म्हणाली, "आणि अत्ती, त्या बांगड्या धुणं आपटताना नव्हत्या ना पिचल्या?" सहा वर्षं होत आली, पण तिनं ती गोष्ट लक्षात ठेवली होती.

इकडं विहीणबाईंचं वेगळंच. त्यांना हा सगळा गोंधळ अनाठायी वाटत होता. फोनवर मला म्हणाल्या, "तोडी म्याल मलगिसकोंड बरतीवि, एनू आगूदिल्लरी." दवाखान्यातून घरी बाळ त्यांच्या मांडीवरच आलं होतं. मलाही मांडीचाच भरवसा होता, आपल्या दोन पिढ्या मांडीवरच प्रवास करून मोठ्या झाल्या. तेव्हा मुलानं पेपराच्या कडेला पेननं गणित मांडून दाखवलं. गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटर, आणि ती अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. बाळ पाच किलोचं असेल तर त्या क्षणी ते शंभर किलोचं. "साखरेची दोन पोती," तो म्हणाला. "धरशील?" आणि लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानानं केवढं मोठं, मान केवढीशी. म्हणून तर तोंड मागं करून बसवायचं, म्हणजे धक्का एकट्या मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. मात्र अशी सीट पुढं, चालू एअरबॅगसमोर, कधीही ठेवायची नाही. एअरबॅग उघडली तर ती सीटच्या पाठीवरच आदळते. हे गणित मी विहीणबाईंना कन्नडात सांगितलं. साखरेच्या पोत्याशी त्या थांबल्या. त्यांचे यजमान आयुष्यभर किराणा दुकानात पोती उचलत आले आहेत.

नवी सीट मागवली. बारा हजारांची, 129 च्या लेबलची. हिच्यावर किलोऐवजी बाळाची उंची सेंटिमीटरमध्ये आहे, आणि पंधरा महिन्यांपर्यंत तोंड मागंच, असं स्पष्ट लिहिलं आहे. निम्मे पैसे यांनी दिले. मुलगा नको म्हणत होता, पण हे ऐकेनात आणि मीही मधे पडले नाही.

राहिली जुनी. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींची लेक कंग्राळीला असते, तिला दोन महिन्यांचं बाळ. मावशींनी सीट जिन्याखाली बघितली आणि म्हणाल्या, "वैनी, आम्हाला द्या की. गाडी नाही आमच्याकडं, पण पोराला निजवायला होईल." मला फार अवघड झालं. चांगली दिसणारी वस्तू मागणाऱ्याला नाही म्हणायची सवय नाही. पण अशा सीटमध्ये बाळ तासन् तास निजवलं तर मान पुढं झुकून श्वासाची वाट दबू शकते, हेही मुलानं सांगितलं होतं. शिवाय आज निजवायला नेलेली सीट उद्या कुणाच्या तरी जीपमध्ये जाणार नाही कशावरून? मी समजावून सांगितलं. मावशींना ते पटलं नाही. "द्यायचं नसलं की माणसं कारणं सांगतात," हे त्या बोलल्या नाहीत, पण भांडी जरा जोरात आपटली. त्यांना मी दुपटी, झबली आणि सासूबाईंच्या लुगड्याची एक वाकळ दिली. ती घेऊन गेल्या. अजून त्यांच्या मनातून ते गेलेलं नाही, मला कळतं.

त्या दुपारी मी सीटचे पट्टे कापायला बसले. कात्रीनं कापेनात. पाच किलोचं बाळ शंभर किलोचं झालं तरी धरून ठेवायला केलेले पट्टे ते, माझ्या शिवणाच्या कात्रीला काय दाद देणार? शेवटी विळीवर कापले. नात शाळेतून आली होती. तिनं विचारलं, "यात मी बसायची?" मी हो म्हटलं. मग तिनं खडूची पेटी आणून सीटच्या पाठीवर लाल अक्षरांत मराठीत "वापरू नका" लिहिलं, आणि खाली कन्नडात, शाळेतल्या वळणदार अक्षरात, "बळसबेडि". मराठी माणसाला ते वाचून दाखवलं तर त्याला बेडीच ऐकू येणार, असं म्हणून ती आणि तिचे आजोबा खूप हसले. त्या आठवड्यात घरात कुणी हसलं ते पहिल्यांदा.

डिसेंबरात बाळाला आणलं. गाडी मुलानं चालवली, हे शेजारी बसले. मागं एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला मी पट्टा लावून, मधे बाळ मागं तोंड करून. कित्तूरपर्यंत झोपलेलं होतं, मग उठून रडायला लागलं. सवयीनं माझा हात त्याला उचलून घ्यायला बकलाकडं गेला. सून काही बोलली नाही, नुसतं बघितलं. एम. के. हुबळीला गाडी बाजूला घेतली, बाळाला बाहेर काढून पाजलं, पुन्हा बांधलं. हिरेबागेवाडीच्या पुढं उसाची ट्रॉली लागली, तिला मागं लाल कापड बांधलेलं होतं. हे म्हणाले, "हळू." ती बाजूच्या रस्त्याला वळेपर्यंत मुलानं ओलांडली नाही.

जुनी सीट परवा भंगारवाल्याला दिली. त्यानं उलटीपालटी करून बघितली, लाल अक्षरं वाचली आणि म्हणाला, "चांगली आहे की वैनी. पट्टे का कापलात?"

त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला, आणि खानापूरहून निघायला उशीर झाला तिथपासून सगळं सांगितलं.